माशांना घातलेली अक्षरं

आषाढ लागला की आमचा नातू गावाकडच्या तळ्यात सोडायला माशांची पिल्लं घेऊन येतो. हवा भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर रबर आवळलेलं आणि आत सुतळीच्या तुकड्यांएवढी पिल्लं वळवळत असतात. गावाला जाताना वाटेत इथं जुळे सोलापुरात तो चहाला थांबतो, तेवढा वेळ त्या पिशव्या आमच्या न्हाणीघरातल्या गार फरशीवर ठेवतो. सूनबाई नाक मुरडते. मी काठी टेकत जाते आणि दारात उभी राहून बघते. यंदा त्याच्याबरोबर खाद्याचं पोतंही होतं. कारखान्यातून आलेल्या, एकसारख्या, करड्या रंगाच्या बारीक गोळ्या. मी मूठभर हातात घेतल्या तर पेंडीचा वास आला, आणि माझं डोकंच उठलं.

पावसाळा आला की लोकांना काय काय गोड आठवतं. मला राग येतो. म्हातारपणी राग शोभत नाही म्हणतात. पण तरुणपणी रागवायची सोय नव्हती, मग माणसानं रागवायचं तरी कधी?

आमचं सासर टेंभुर्णीपासून आत, भीमेच्या अंगाला. एकोणीसशे तीसच्या पुढची एकदोन वर्षं असतील. सासऱ्यांनी ओढ्याला बांध घालून शेतात तळं केलं होतं, रब्बीला पाण्याची ओल राहावी म्हणून. सासरे गेले आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं की एवढं पाणी नुसतं पडून राहतं, त्यात मासे का सोडू नयेत? गाव हसलं. "समदी रानात पेरत्यात, ह्यो पाण्यात पेरतोय," असं पारावर चालायचं. ह्यांनी कुणाचं ऐकलं नाही. ऐकायची सवयच नव्हती, आणि त्या एका बाबतीत ते बरं ठरलं.

नदीचा पूर ओसरला की काठच्या डबक्यांत माशांची पिल्लं अडकून राहत. भोई ती फडक्यानं गाळून काढत आणि ओल्या मडक्यांतून डोक्यावर घेऊन येत. वाटेत सारखं मडक्यातलं पाणी ओंजळीनं उचलून परत आत सोडायचं, नाहीतर पिल्लं गुदमरतात. तळ्याच्या काठाशी आल्यावरसुद्धा एकदम ओतायचं नाही. मडकं तळ्यात तसंच धरून ठेवायचं, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकसारखं गार झालं की हळूच कलतं करायचं. मग पिल्लं आपल्या पायानं जावीत तशी बाहेर पडत. मरळ माशाचं पिल्लू चुकून आलं असेल तर आधीच वेचून काढायचं, कारण तो मोठा झाला की बाकीच्यांना खाऊन टाकतो. नव्या घरात सोडताना पिल्लांची एवढी काळजी घेणारी माणसं आमच्या घरात होती. लेकीबाळींना कसं सोडतात तेही मी त्याच घरात पाहिलं.

माझी नणंद सोना. ह्यांच्याहून धाकटी, माझ्याहून चारदोन वर्षांनी मोठी. मी त्यांना वन्सं म्हणायची, त्या मला वैनी. त्यांचं सासर अकलूजच्या बाजूला. तिकडं कालव्याचं पाणी आलं, मागोमाग ऊस आला, आणि कुणी बागाईतदार म्हणून हाक मारली की त्यांच्या नवऱ्याला, आमच्या दाजींना, मूठभर मांस चढायला लागलं. वन्संना मूल नव्हतं. दाजींनी दुसरं लग्न केलं. वन्संनी त्यावरही तक्रार केली नाही. "करंनात. पोर तर पायजेच की माणसाला," एवढंच म्हणाल्या. सवतीच्या हाताखाली नांदायची त्यांची तयारी होती. पण नागपंचमीचं निमित्त करून दाजींनी त्यांना माहेरी पोचवलं, आणि परत न्यायला कुणी आलंच नाही.

आमच्याकडे माहेरी आलेली बाई आपल्या पायानं सासरी जात नाही. न्यायला यावं लागतं. नवरा यावा, दीर यावा, तोही नसला तर निदान गाडी घेऊन गडी यावा. न्यायला आले तर ती 'नांदायला गेली'. आपण होऊन गेली तर ती 'घुसली'. घुसलेल्या बाईला चुलीपुढं जागा मिळते, पण तिच्या हातचं पाणी सासू घेत नाही आणि तिला नावानं कुणी हाक मारत नाही. वन्संना घुसायचं नव्हतं. त्यांना नांदायचं होतं. म्हणून वाट बघत होत्या. रस्त्यानं घुंगरं वाजली की त्यांच्या हातातली भाकरी तव्यावर करपायची.

चैत्रात एक बुवा गावात आले. देवळात कीर्तन झालं, दुसऱ्या दिवशी शिधा मागायला दारात उभे राहिले. वन्संचा चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं असावं, किंवा कुणी कानात सांगितलं असेल. म्हणाले, "माई, रामनाम लिहा. एका चिठ्ठीवर एक नाव. कणकेच्या गोळीत घालून जळातल्या जिवाला द्या. लाख नावं पुरी झाली की गेलेला माणूस आपल्या पायानं उंबऱ्यात येतो." तांदूळ, डाळ, गूळ घेऊन ते गेले. वन्संना अक्षरओळख नाही ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही. बायका लिहितात की नाही हे बुवांनी कशाला बघायचं?

माझे वडील पंतोजी होते, म्हणून मी चौथीपर्यंत शिकलेली. सासरी आल्यापासून त्या शिक्षणाचा उपयोग वाण्याच्या पुडीवरचं वाचण्यापुरता. वन्सं एके दिवशी दुपारी परातीत राख पसरून माझ्यापुढं येऊन बसल्या. "वैनी, त्येवढं नाव मला काडाया शिकीव." मी त्यांचं बोट धरलं आणि राखेत फिरवलं. शेतात खुरपं धरून राठ झालेलं ते बोट आधी काही केल्या वळेना. म ची गाठ जमायला फार वेळ लागला. जमली तेव्हा त्यांनी परात उचलून दारातल्या उजेडात नेली आणि कितीतरी वेळ बघत बसल्या. मग राख पुसायला जीव होईना, म्हणून ती परात त्या रात्री तशीच देवापुढं ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पीठ मळायला घरात परात नाही म्हणून सगळे ओरडले.

अक्षर बसल्यावर त्या कोळशानं कुठंही लिहायच्या. चुलीमागं, जात्याजवळ, गोठ्याच्या दारावर. मला उत्साह आला. म्हटलं, "वन्सं, आता स शिका, न शिका. तुमचं नाव लिवता यील."

त्या हसल्या. "माज्या नावाचं माशांनी काय करायचं, वैनी?"

मी पुन्हा कधी विषय काढला नाही.

कागदाची मारामार होती. ह्यांचे एक चुलतभाऊ सोलापुरात कापडगिरणीत कामाला. ते गावी येताना ताग्यांवर चिकटवायच्या खराब झालेल्या लेबलांचा गठ्ठा आणायचे. एका बाजूला रंगीत चित्र, मागची बाजू कोरी. हत्ती, पोपट, झोपाळ्यावर बसलेली बाई. देवीचं चित्र असलं तर वन्सं ते बाजूला काढून भिंतीला लावत, बाकीच्यांचे कात्रीनं बारीक तुकडे करत. काजळीत डिंक खलून शाई, आणि बोरू. श्रावण लागला, आणि दुपारची भांडी झाली की त्या लिहायला बसायच्या. मान खाली, ओठ घट्ट मिटलेले. एकेक चिठ्ठी सुकली की सुपात. शंभर झाल्या की मडक्यात एक चिंचोका.

कणकेवरून घरात धुसफूस झाली. आमचा मुलूख ज्वारीचा. गहू सणाला. पोरांना भाकरी आणि माशांना कणीक हे सासूबाईंना रुचेना. शेवटी ह्यांनीच तोड काढली. ते तसेही तळ्यात शेणाच्या पाट्या बुडवून ठेवत, पाण्याला हिरवा रंग धरावा म्हणून, आणि फाटक्या पोत्यात भिजवलेली करडईची पेंड खुंटीला टांगून सोडत. ते म्हणाले, "सोने, नुसती कणीक कशापायी? निम्मी पेंड घाल तीत. मासा बी वाढंल आन नाव बी जाईल."

वन्संनी भीत भीत विचारलं, "दादा, देवाला पेंड चालंल?"

"देव कुटं खातोय? मासं खात्यात."

आणि हसले. सगळे हसले. मीही हसले असेन.

सकाळी वन्सं टोपलं घेऊन तळ्यावर जात. बांधाच्या एका दगडावर बसत. त्यांच्या पावलांची धमक लागली की पाण्याखाली काळसर हालचाल व्हायची आणि मग गोल गोल तोंडं वर यायची. ह्यांच्या पावलांना ती येत नसत, माझ्याही नाही. एकेक गोळी त्या तोंडासमोर सोडायच्या, सगळ्यांना मिळावी म्हणून लांबवर, जवळ, पुन्हा लांबवर. मागं राहिलेल्या बारक्या माशासाठी दगडावरून पार ओणव्या व्हायच्या. घरात मासे शिजले तरी त्यांनी खाणं सोडलं होतं. "ज्यांच्या पोटात राम हाय, ती कशी खायाची?" म्हणायच्या. आणि घरात शिजवून बाकीच्यांना वाढायच्या.

पौषात थंडी पडली आणि मासे वर येईनात. थंडीत मासा पोट आवरून धरतो, हे ह्यांना ठाऊक होतं. वन्संना नव्हतं. गोळ्या पाण्यावर फुगून तरंगायच्या, विरघळायच्या, कागदाचे तुकडे काठाला लागायचे. त्या ते ओले तुकडे गोळा करून पदरात घेऊन यायच्या आणि मला दाखवायच्या. शाई उतरलेली, हत्तीचा पाय तेवढा शिल्लक. "त्यास्नी नगं झालंय वैनी. परत धाडत्यात." कुणाला नको झालंय हे मी विचारलं नाही. देवाला की दाजींना, त्यांच्या लेखी दोघंही 'ते'च. मग ह्यांनी सांगितलं की दुपारी ऊन चढल्यावर जात जा, पाणी कोमट झालं की खातील. तसं झालं. वन्सं आनंदानं घरभर सांगत सुटल्या, आणि हे जेवताना मला म्हणाले, "हिचा नेम माझ्या तळ्याला पावला बघ. औंदा मासा कसा दणकट झालाय." बहिणीच्या दुःखावर पोसलेल्या माशांचं ह्यांना जे कौतुक होतं ते बघून माझा घास तोंडात फिरला. तरी मी गिळला.

फाल्गुन सरताना लाख पुरा झाला. वन्संनी चिंचोके दोनदा मोजले, मला मोजायला लावले. मग डोक्यावरून पाणी घेतलं, नवी चोळी शिवायला टाकली.

वैशाखात तळं आटत चाललं. हे म्हणाले, आता मासे काढायलाच हवेत. वन्संनी हात जोडले. "दादा, उद्यापन हुईस्तवर थांब की."

"तवर नुसता चिखल राहील. मासं मरून वर येतील." मग आवाज जरा मऊ करून म्हणाले, "असं करू. पाव्हण्यांना सांगावा धाडू. मासं काडलं म्हटल्यावर दाजी आल्याबिगर राहायचा न्हाय. आला की मी विषय काडतो."

वन्संनी तळ्याकडं बघितलं. नावानिशी ओळखावं तशा त्या एकेक माशाला ओळखत होत्या. मग खाली बघत म्हणाल्या, "काड मग."

भोयांनी जाळं टाकलं. वन्सं तिकडं फिरकल्या नाहीत. पण मासे साफ करायला त्याच बसल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एकेक पोट चिरायच्या आणि आत बोट घालून चाचपायच्या. हिरवट लगदा, बाकी काही नाही. इतकी नावं घातलेली, पण कागदाचा एक तुकडा सापडेना. "वैनी, अक्षर इरघळतं व्हय गं?" त्यांनी विचारलं. मी मसाला वाटत होते. म्हटलं, "शाईच ती वन्सं. इरघळायचीच."

दाजी आले. छकड्यातून आले, बरोबर दोन जोडीदार. बायकोला न्यायला येणारा माणूस मोठी बैलगाडी आणतो, तिला तट्ट्या लावतो, खाली गवत अंथरतो. छकड्यात आधीच तिघं बसलेले, त्यात बाई कुठं बसणार आणि तिचं गाठोडं कुठं मावणार? मला ते बघताक्षणीच कळलं. वन्संना कळलं नसावं. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं. माजघराच्या दाराआड गाठोडं बांधून तयार होतं, त्यावर वाटेत खायला म्हणून चार लाडवांची पुरचुंडी होती. लाडू गव्हाचे.

पुरुष ओसरीवर जेवायला बसले. वन्संनी रस्सा केला होता, तळलेले तुकडे वेगळे. त्या स्वतः वाढायला गेल्या नाहीत, मला पाठवलं आणि दाराच्या फटीतून बघत राहिल्या. दाजी जेवले. खरंच मन लावून जेवले. काटा बोटानं काढून ताटाच्या कडेला नीट रचून ठेवायची त्यांची सवय होती. "मासा लई गोड हाय," ते म्हणाले. "आमच्याकडं कालव्यात गावतोय, पर ह्याची चव न्हाय. काय घालता काय?"

ह्यांनी संधी साधली. "सोनी घालती की कणीक. तिच्याच हातचा हाय मासा." आणि मग, "दाजी, सोनीला कवा न्यायला येताय?"

दाजींनी आधी घास संपवला, पाणी प्यायले. "बघू की. ऊस जाऊं द्या. घरात बी जागेची अडचण हाय." मग जोडीदारांकडं बघून हसले. "हितं माशाला कणीक मिळतीय, सोनाबाईला काय कमी हाय?"

जोडीदार हसले. माझ्या हातात रश्श्याचं पातेलं होतं. ते दाजींच्या डोक्यावर ओतावं असं मला आतून वाटलं, आणि मी आणखी एक पळी त्यांच्या ताटात वाढली. त्या पळीचा राग मला आजही येतो.

उन्हं कलल्यावर छकडा निघाला. दाजींनी टाचेनं बैलाला डिवचता डिवचता मागं वळून सांगितलं, "म्होरल्या साली मासं काडाल तवा सांगावा धाडा बरं का."

वन्संनी ताटं गोळा केली. दाजींच्या ताटातले रचून ठेवलेले काटे त्यांनी उकिरड्यावर न टाकता तळ्यावर नेऊन टाकले. परत आल्या, गाठोडं सोडलं, लाडू पोरांना वाटले. सासूबाई समजूत घालायला म्हणाल्या, "आला तर हुता की गं. बुवा बोलला तसं उंबऱ्यात आला." गावानंही तोच हिशेब धरला. आला होता ना? मग नामाचं फळ मिळालंच. पुढं न्यायचं की नाही, ते बुवांनी कुठं सांगितलं होतं?

वन्सं अखेरपर्यंत माहेरीच राहिल्या. त्यांना न्यायला कुणी आलं नाही, त्या घुसल्याही नाहीत. कुंकू लावूनच गेल्या. बायका म्हणाल्या, भाग्याची, सवाष्ण गेली. दाजी त्यानंतरही पुष्कळ जगले. शेवटी शेवटी दात पडले तेव्हा मासा कुस्करून खात, असं ऐकलं. माझा नातू म्हणतो, "आजी, तू एवढं जुनं मनात कशाला धरतेस?" त्याला काय सांगू. मी धरलं नाही, तर ते धरणारं दुसरं कुणी उरलेलंच नाही.

त्या वैशाखानंतरचा आषाढ आला. पूर ओसरला, भोई मडक्यांतून पिल्लं घेऊन आले. ह्यांनी मडकं तळ्यात बुडवून धरलं आणि बांधावर उभ्या असलेल्या बहिणीला विचारलं, "सोने, औंदा बी लिवणार न्हवं?"

"लिवणार की," वन्सं म्हणाल्या.

मला वाईट वाटलं, गावाला कौतुक वाटलं. दुसरा लाख धरलाय, बाई असावी तर अशी, असं पाणवठ्यावर बोलणं झालं. बुवाही एकदा येऊन गेले. निष्ठा म्हणाले, शिधा घेतला. पुन्हा लेबलांचा गठ्ठा आला, पुन्हा काजळी खलली गेली. वन्सं आता झरझर लिहायच्या. ओठ तसेच मिटलेले, पण बोट कुठं अडत नसे.

श्रावणातल्या एका सकाळी मी कणीक मळत होते. वारा आला आणि सुपातल्या चिठ्ठ्या माजघरभर उडाल्या. मी हात झटकून गोळा करायला वाकले. पहिली हातात आली ती वाचली, वाटलं, घाईत अक्षरांची अदलाबदल झाली. दुसरी वाचली, तिसरी वाचली. प्रत्येक चिठ्ठीवर आधी म होता, नीट गाठ मारलेला, आणि त्याच्यापुढं र ला काना. मरा. मरा. मरा.

उलटं घेतलेलं नामसुद्धा पोचतं, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच कीर्तनात ऐकलेली असते. वन्संनीही ऐकली असणार. पण मी मान वर केली तेव्हा त्या माझ्याकडंच बघत होत्या, आणि त्या डोळ्यांत नाम नव्हतं. त्यांना दोनच अक्षरं येत होती. त्या दोन अक्षरांत नवऱ्याला सांगण्यासारखं जे काही लिहिता येत होतं, ते त्यांनी लिहिलं होतं. तेसुद्धा 'मर' नव्हतं. एवढं झाल्यावरही त्यांनी दाजींना एकेरी म्हटलं नव्हतं.

"बरूबर लिवलंय न्हवं, वैनी?" त्यांनी विचारलं.

"बरूबर हाय," मी म्हटलं, आणि चिठ्ठ्या सुपात ठेवून, पेंड मिसळून, पुन्हा कणीक मळायला बसले.